दाभोळची वीज आणि सत्तापक्षांतील दुफळी

गोमंतकाच्या उत्तर सीमेवर तेरेखोल नदी समुद्राला मिळते. तिच्या दक्षिण काठाला पेडणे तालुका आणि उत्तर काठाला सावंतवाडीचा मुलूख. पूर्वेकडे डिचोली तालुक्याची शीव दोडामार्गाला लागून आहे. नदीच्या अलीकडे आणि पलीकडे बोली जवळची, दैवते जवळची, सोयरीकही जुनी. राज्ये मात्र वेगळी. ही दोन्ही महाले अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत सावंतवाडीकर भोसल्यांच्या अंमलाखाली होती आणि नंतर नव्या काबिजादींत मोडली, हा इतिहास सर्वश्रुत आहे. म्हणून कोकणपट्टीत उत्तरेकडे जे घडते, त्याचे पडसाद पेडण्याला व डिचोलीला इतरांच्या आधी ऐकू येतात. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात असा एक मोठा आवाज रत्नागिरी जिल्ह्यातून उठला. तो होता दाभोळच्या वीजप्रकल्पाचा.

दाभोळ हे नाव गोमंतकाच्या इतिहासाला अपरिचित नाही. विजापूरकरांचे हे भरभराटीचे बंदर पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदा याने १५०८ च्या अखेरीस लुटून जाळले आणि त्यानंतर दोनच वर्षांत आफोन्सो द आल्बुकेर्क याने गोवा घेतले. परदेशी व्यापारी आरमाराच्या बळावर आला, की किनाऱ्यावर काय होते, हे त्या वेळी दाभोळने पाहिले. त्यानंतर सुमारे पाचशे वर्षांनी दुसरा परदेशी व्यापारी तेथे आला. त्याच्या हाती तोफा नव्हत्या; करारपत्र होते. आणि या वेळी लढाई झाली ती परकीय आणि स्वकीय यांच्यात झाली त्याहून अधिक राज्य करणाऱ्या पक्षांच्या पोटात झाली. या लढाईचा वृत्तान्त समजून घेणे अगत्याचे आहे. कारण राष्ट्राचे वीजधोरण कसे ठरते आणि त्याची किंमत कोण मोजतो, हे त्यातून जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच दुसऱ्या एखाद्या प्रकरणातून दिसेल.

प्रथम थोडी पूर्वपीठिका पाहिली पाहिजे. स्वतंत्र भारताचे वीजधोरण ज्या कायद्यावर उभे राहिले, तो १९४८ चा वीजपुरवठा कायदा होय. तो संमत करून घेणारे मंत्री काकासाहेब गाडगीळ हे होते. त्याच्याही आधी, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी वीज ही उद्योगधंद्यांची जननी असून ती स्वस्त व मुबलक मिळाली पाहिजे, तिची जबाबदारी शासनाने उचलली पाहिजे, असा विचार मांडला होता. १९४८ च्या कायद्याने प्रत्येक राज्यात वीजमंडळ स्थापण्याचा मार्ग खुला झाला. नफा हा मंडळाचा हेतू नव्हता. दूरच्या खेड्यापर्यंत तार पोचविणे हा हेतू होता. गोवा त्या वेळी पोर्तुगीज अमलाखाली असल्याने तेथे या कायद्याचा प्रवेश नव्हता; वीज मोजक्या शहरांपुरती होती आणि पेडणे, डिचोली, सत्तरी येथील खेडी दिव्याच्या वातीवरच रात्र काढीत होती. १९६१ च्या मुक्तीनंतर दोन-अडीच दशकांत हे चित्र पालटले. परंतु गोव्याने मंडळ स्थापिले नाही. तेथे वीज हे सरकारचे खाते राहिले, आणि स्वतःची मोठी वीजनिर्मिती नसल्याने ते बाहेरून आणलेल्या विजेवर चालत आले.

१९९१ साली देशाची परकीय गंगाजळी आटली आणि पंतप्रधान नरसिंह राव यांच्या काँग्रेस सरकारने अर्थकारणाची दिशा बदलली. वीजमंडळे तोट्यात होती. शेतीपंपांना स्वस्त वीज, चोरी, गळती आणि थकबाकी यांनी ती खिळखिळी झाली होती. नवी केंद्रे उभारण्यास पैसा नव्हता. म्हणून त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन खासगी व परदेशी भांडवलाला वीजनिर्मितीचे दार उघडण्यात आले. भांडवलदाराला त्याच्या गुंतवणुकीवर सोळा टक्के परतावा मिळेल, अशी हमीवजा तरतूद नियमांत आली. काही निवडक प्रकल्पांना 'जलदगती' प्रकल्प असे नाव मिळाले. दाभोळ त्यांतील अग्रेसर होता.

अमेरिकेतील एन्रॉन ही कंपनी १९९२ च्या जूनमध्ये भारतात आली आणि त्याच महिन्याच्या २० तारखेला महाराष्ट्र राज्य वीजमंडळाशी तिचा प्राथमिक सामंजस्य करार झाला. महाराष्ट्रात तेव्हा सुधाकरराव नाईक मुख्यमंत्री होते. निविदा मागविल्या गेल्या नाहीत. जागतिक बँकेकडे हा प्रकल्प अर्थसाहाय्यासाठी गेला, तेव्हा तिने १९९३ च्या एप्रिलमध्ये तो आर्थिक दृष्ट्या किफायतशीर नाही असे कळविले. एवढी मोठी आणि एवढी महाग वीज राज्याला त्या काळी लागणार नाही, असा तिच्या आक्षेपाचा मथितार्थ होता. तरीही शरद पवार मुख्यमंत्री असताना ८ डिसेंबर १९९३ रोजी वीजखरेदीचा करार झाला. एन्रॉनचा हिस्सा ऐंशी टक्के आणि जनरल इलेक्ट्रिक व बेक्टेल यांचा प्रत्येकी दहा टक्के, अशी दाभोळ वीज कंपनीची रचना होती. पहिला टप्पा ६९५ मेगावॉटचा आणि दोन्ही टप्पे मिळून २०१५ मेगावॉट, असे तिचे स्वरूप होते.

कराराचे मर्म सामान्य माणसाला कळण्याजोगे आहे. एखाद्याने खानावळीशी वर्षाचा ठराव केला, की जेवायला जावो वा न जावो, ताटाचे पैसे द्यावयाचेच. शिवाय ते पैसे रुपयांत नव्हेत, डॉलरच्या भावाने. आणि तांदूळ महागला तर वाढही आपणच सोसावयाची, तर त्या ठरावाला जे म्हणता येईल, तेच या कराराला म्हणावे लागेल. केंद्र चालण्यास तयार असले, की त्याच्या क्षमतेचा आकार मंडळाने द्यावयाचा. वीज उचलली की इंधनाचा खर्च वेगळा. करार झाला तेव्हा डॉलर एकतीस-बत्तीस रुपयांना होता. २००१ साली तो सेहेचाळीसच्या पुढे गेला. पहिल्या टप्प्याचे इंधन नाफ्ता, आणि त्याचा भाव जगातील खनिज तेलाच्या भावाबरोबर चढणारा. म्हणजे रुपया घसरला तरी बिल वाढणार, तेल महागले तरी बिल वाढणार. मंडळाने पैसे न दिल्यास राज्याने द्यावे, राज्याने न दिल्यास केंद्राने द्यावे, अशी दुहेरी हमीही होती. केंद्राची ही प्रतिहमी १९९४ च्या सप्टेंबरमध्ये मिळाली.

याच ठिकाणी सत्तारूढ काँग्रेसमधील पहिली फूट दृष्टीस पडते. एन. के. पी. साळवे हे नागपूरकडचे ज्येष्ठ नेते तेव्हा केंद्रात वीजमंत्री होते आणि खासगी प्रकल्प त्वरेने उभे राहावेत, असा त्यांच्या खात्याचा आग्रह होता. उलट, परक्या कंपनीच्या बिलाला देशाच्या तिजोरीने जामीन राहावे काय, याविषयी अर्थखात्याची दृष्टी सावध होती. अखेर तडजोड झाली ती अशी, की प्रतिहमी जलदगती अशा आठच प्रकल्पांपुरती देण्यात यावी, पुढे नाही. एकाच मंत्रिमंडळात, एकाच पक्षात, एक खाते दार उघडीत होते आणि दुसरे खाते त्याच दाराला अडसर लावू पाहत होते. पण पक्षाच्या व्यासपीठावर या मतभेदाची मोकळी चर्चा झाली नाही. करार गुप्त ठेवला गेला आणि जी चर्चा सभागृहात व्हावयाची, ती कुजबुजीत झाली. गुप्ततेचा परिणाम नेहमी असाच होतो. तिने मतभेद मिटत नाहीत, त्यांची केवळ जागा बदलते.

१९९५ च्या विधानसभा निवडणुकीत दाभोळचा प्रश्न प्रचाराच्या अग्रस्थानी आला. भारतीय जनता पक्षाचे गोपीनाथ मुंडे यांनी हा प्रकल्प अरबी समुद्रात बुडविण्याची भाषा सभांतून केली आणि लोकांनी ती उचलून धरली. पक्षाचे तत्कालीन अध्यक्ष लालकृष्ण अडवाणी यांचीही भूमिका कराराच्या विरोधी होती. निकालात शिवसेनेला ७३ व भाजपला ६५ जागा मिळाल्या. मनोहर जोशी मुख्यमंत्री व मुंडे उपमुख्यमंत्री झाले. मुंडे यांच्या अध्यक्षतेखालील उपसमितीने कराराची छाननी केली आणि ३ ऑगस्ट १९९५ रोजी, पहिला टप्पा नाकारण्याचा व दुसरा रद्द करण्याचा निर्णय सरकारने जाहीर केला. इतकेच नव्हे, तर करार गैरमार्गाने घडवून आणला गेला, असा आरोप करून सरकार स्वतः मुंबई उच्च न्यायालयात गेले. कंपनीने लंडनमध्ये लवादाचे दार ठोठावले.

आता सत्तापक्षातील दुसरी फूट उघड झाली. भाजपच्या परिवारात स्वदेशी जागरण मंच होता. दत्तोपंत ठेंगडी यांच्या प्रेरणेने १९९१ मध्ये तो स्थापन झाला होता आणि परकीय भांडवलाच्या शिरकावाला त्याचा तात्त्विक विरोध होता. या मताच्या कार्यकर्त्यांना वाटले, की बुडविणे म्हणजे बुडविणे. परंतु त्याच पक्षात दुसरा एक विचार मूळ धरीत होता. उद्या दिल्लीत राज्य करावयाचे असेल, तर जगातील भांडवलदारांना हा पक्ष करार मोडणारा आहे असे वाटू नये, असा तो विचार होता. शिवसेनेतही प्रश्न तत्त्वाचा कमी आणि व्यवहाराचा अधिक होता. १९९५ च्या नोव्हेंबरमध्ये कंपनीच्या प्रमुख अधिकारी रिबेका मार्क यांनी शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांची भेट घेतली आणि फेरवाटाघाटी सुरू झाल्या. अर्थशास्त्रज्ञ किरीट पारीख यांचा समावेश असलेला गट बसला. १९९६ च्या जानेवारीत नवा मसुदा ठरला. प्रकल्प लहान होण्याऐवजी मोठा झाला; दोन्ही टप्पे मिळून २१८४ मेगावॉट, आणि पूर्वी रद्द ठरलेला दुसरा टप्पाही करारात आला. सरकारने भाव उतरविल्याचे सांगितले. विरोधकांनी विचारले, की ज्याला बुडवावयाचे होते, तो एवढा फुगून वर कसा आला? न्यायालयातील दावा मागे घेण्यात आला.

यानंतर घडले ते राजकीय इतिहासात नोंदवून ठेवण्यासारखे आहे. १९९६ च्या मे महिन्यात अटलबिहारी वाजपेयी यांचे पहिले सरकार आले आणि तेरा दिवसांत गेले. लोकसभेत विश्वासदर्शक ठरावावर चर्चा चालू असताना, राजीनाम्याच्या आदल्या दिवशी, २७ मे रोजी, त्या सरकारने नव्या कराराच्या प्रतिहमीला मान्यता दिली. ज्या पक्षाने प्रकल्प बुडविण्याचे वचन दिले होते, त्याच पक्षाच्या हातून त्याला देशाच्या तिजोरीचा जामीन मिळाला. स्वदेशीवाद्यांनी दुखावलेल्या स्वरात विरोध केला. सत्तेतील मंडळींनी तो ऐकून घेतला आणि वाटचाल पुढे चालू ठेवली. पक्षाची सनद आणि सरकारचे धोरण यांच्यात फट पडली, की ती प्रथम अशीच दिसते: कार्यकर्ता जुन्याच घोषणेवर उभा असतो आणि मंत्री नव्या मसुद्यावर सही करीत असतो.

सिटू या कामगार संघटनेने व अभय मेहता यांनी उच्च न्यायालयात जनहित याचिका केली, तेव्हा १९९६ च्या अखेरीस न्यायालयाने ती फेटाळली. परंतु निकाल देताना, सरकारने आधी जे आरोप शपथपूर्वक केले, तेच नंतर विसरून जावे, आणि सार्वजनिक हिताच्या तुलनेत राजकीय हिशेबाचे पारडे जड व्हावे, याबद्दल न्यायालयाने परखड शेरेही मारले. कायद्याची बाजू एक आणि नीतीची बाजू दुसरी, हा भेद त्या निकालात स्पष्ट झाला.

या अवधीत गुहागर तालुक्यातील अंजनवेल, वेलदूर व आसपासची गावे काय भोगीत होती, हे विसरता येत नाही. आंब्याच्या बागा, मासेमारी, गोड्या पाण्याचे झरे यांविषयी तेथील लोकांना भय होते. १९९७ च्या सुरुवातीला आंदोलन उभे राहिले. लाठीमार, अटका, जमावबंदी झाली, आणि या दडपशाहीबद्दल ह्यूमन राइट्स वॉच या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९९९ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. मृणाल गोरे यांच्यासारख्या ज्येष्ठ समाजवादी नेत्या या लढ्यात अग्रभागी होत्या. पक्षांच्या पोटात चालू असलेल्या वादाशी या माणसांचा संबंध एवढाच, की तो वाद कोणत्याही बाजूने सुटला तरी त्यांच्या गावात मात्र धुराडे उभे राहणार होते. दिल्ली व मुंबईत ज्याला धोरण म्हणतात, त्याला अंजनवेलमध्ये कुंपण म्हणत.

१९९९ च्या मे महिन्यात पहिला टप्पा सुरू झाला. त्या वर्षाच्या ऑक्टोबरात राज्यात सत्तापालट होऊन विलासराव देशमुख यांच्या नेतृत्वाखाली काँग्रेस व राष्ट्रवादी काँग्रेस यांचे आघाडी सरकार आले. करार करणारे नेते आणि कराराला विरोध करणारे, दोघेही आता एकाच आघाडीत. शेतकरी कामगार पक्ष आघाडीत होता आणि त्याचे नेते एन. डी. पाटील कराराच्या चौकशीचा आग्रह धरीत होते. राष्ट्रवादीचे नेतृत्व मात्र मूळ करार करणाऱ्या शरद पवार यांच्याकडे होते. इकडे २००० सालच्या अखेरीस तेलाचे भाव चढले, रुपया घसरला, मंडळाने वीज कमी उचलली आणि क्षमतेचा आकार थोड्याच युनिटांवर पसरल्याने एका युनिटचा भाव काही महिन्यांत सात रुपयांच्या वर गेला. मंडळाच्या स्वतःच्या कोळशावरील केंद्रांची वीज याहून कितीतरी स्वस्त असूनही, महाग वीज घ्यावयाची तर स्वस्त केंद्र बंद ठेवावे लागे. ही उलटी व्यवस्था फार दिवस टिकणे शक्य नव्हते.

सरकारने माजी केंद्रीय गृहसचिव माधव गोडबोले यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्या २००१ च्या अहवालाने करार ज्या पद्धतीने झाला, त्या पद्धतीवरच बोट ठेवले. भरमसाट वीजमागणीचे अंदाज, निविदेविना निवड, आणि शासकीय यंत्रणेने आपले कर्तव्य न बजावणे, असे त्याचे दोषारोप होते. आणि हे दोष कोणा एका पक्षाचे नसून एकामागून एक आलेल्या सरकारांचे होते. २००१ च्या मेमध्ये मंडळाने कराराशी नाते तोडले व वीज घेणे थांबविले. दुसऱ्या टप्प्याचे काम बहुतांशी पुरे झाले असताना ठप्प झाले. आणि २ डिसेंबर २००१ रोजी अमेरिकेत खुद्द एन्रॉनच दिवाळखोर झाली. जिच्या भरवशावर देशाचा जामीन दिला गेला, तिचेच खाते खोटे निघाले.

आता सत्तापक्षांतील तिसऱ्या, आणि गोमंतकाच्या सर्वांत निकट असलेल्या, फुटीकडे वळावे. सिंधुदुर्ग, म्हणजे तेरेखोल व दोडामार्गाच्या पलीकडचा मुलूख, तेव्हा राजापूर लोकसभा मतदारसंघात होता. हा मतदारसंघ बॅ. नाथ पै व मधू दंडवते यांच्यासारख्या संसदपटूंनी गाजविलेला. नाथ पै यांचे नाव गोवामुक्तीच्या लढ्याशी जोडलेले असल्याने पेडण्याच्या लोकांना हा मतदारसंघ परका कधी वाटलाच नाही. १९९६ पासून तेथून शिवसेनेचे सुरेश प्रभू निवडून येत होते. २००० च्या सप्टेंबरअखेरीस, रंगराजन कुमारमंगलम यांच्या निधनानंतर, वाजपेयी सरकारमध्ये प्रभू वीजमंत्री झाले.

प्रभू हे व्यवसायाने सनदी लेखापाल. वीजक्षेत्राचा रोग निर्मितीच्या टंचाईत जेवढा आहे, त्याहून अधिक तो हिशेबाच्या गैरव्यवस्थेत आहे, ही त्यांच्या धोरणाची दिशा होती. केंद्रीय वीजकंपन्यांची राज्यांकडील थकबाकी एकरकमी मार्गी लावणे, वितरणातील गळती मोजून ती कमी करणे, मीटर बसविणे, अशी कामे त्यांच्या खात्याने हाती घेतली. १९४८ च्या कायद्याची जागा घेणारे नवे वीज विधेयक २००१ मध्ये लोकसभेत आले. दाभोळच्या अनुभवाचे सावट या सगळ्यावर होते: परक्या हमीवर केंद्रे उभारण्याआधी आपले वितरण दुरुस्त करावे, हा त्यातील बोध.

परंतु राष्ट्रीय धोरण आणि पक्षीय अपेक्षा या दोन वेगळ्या वस्तू असतात. २००२ च्या ऑगस्टमध्ये पक्षप्रमुखांच्या आदेशावरून प्रभूंनी राजीनामा दिला. पंतप्रधानांचा त्यांच्यावरील विश्वास ढळला नव्हता, हे पुढे स्पष्ट झाले. कारण त्याच वर्षाच्या अखेरीस वाजपेयींनी नद्याजोड योजनेच्या कार्यदलाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे सोपविले. म्हणजे राज्य चालविणाऱ्या सरकारच्या दृष्टीने जो मंत्री हवा होता, तो त्याच्याच पक्षाच्या दृष्टीने मंत्रिपदी नको होता. त्यांच्या जागी शिवसेनेचे अनंत गीते वीजमंत्री झाले. गीते हे रत्नागिरीचे खासदार; म्हणजे ज्या जिल्ह्यात दाभोळचे केंद्र बंद पडून गंजत होते, त्याच जिल्ह्याच्या प्रतिनिधीकडे आता देशाची वीज आली. प्रभूंच्या काळात संसदेपुढे आलेले विधेयक गीते यांच्या काळात संमत झाले आणि १० जून २००३ रोजी नवा वीजकायदा अमलात आला. काकासाहेब गाडगीळांनी रचलेल्या इमारतीच्या जागी दुसरी इमारत उभी राहिली, आणि तिच्या दोन्ही अंगांना दोन कोकणी मतदारसंघांचे प्रतिनिधी होते.

या कायद्याने पेडणे-डिचोलीच्या घराघरात काय पोचविले, हेही पाहिले पाहिजे. विजेचा दर सरकारने मर्जीनुसार न ठरविता स्वतंत्र नियामक आयोगाने, जाहीर सुनावणी घेऊन ठरवावा, हे त्याचे मुख्य सूत्र होते. गोवा व केंद्रशासित प्रदेशांसाठी संयुक्त वीज नियामक आयोग याच कायद्याच्या आधारे आला. आता डिचोलीतील छोटा कारखानदार किंवा पेडण्यातील बागायतदार, वीजखाते कोणाकडून काय भावाने वीज घेते, हे कागदोपत्री पाहू शकतो आणि आक्षेप नोंदवू शकतो. दाभोळच्या वेळी हा अधिकार महाराष्ट्रातील नागरिकाला नव्हता. गंमत अशी, की दाभोळचे केंद्र २००५ मध्ये रत्नागिरी गॅस अँड पॉवर कंपनीच्या रूपाने सरकारी कंपन्यांनी पुन्हा उभे केल्यावर, गोव्याच्या वीजखरेदीच्या हिशेबातही त्याचे नाव येऊ लागले. तेरेखोलच्या उत्तरेचा तंटा अखेर नदी ओलांडून बिलाच्या कागदावर आला.

याच परिसरातील दुसरे उदाहरण दाभोळच्या शेजारी ठेवले असता बोध अधिक स्पष्ट होतो. दोडामार्ग तालुक्यातील तिलारी प्रकल्प महाराष्ट्र व गोवा यांनी मिळून उभारला. वरच्या बाजूस महाराष्ट्राचे जलविद्युत केंद्र आणि खाली धरण. त्याच्या कालव्यांचे पाणी डिचोली, पेडणे व बार्देश या तालुक्यांसाठी. खर्चाचा सुमारे तीन-चतुर्थांश भार गोव्याने उचलावयाचा, असे १९९० च्या करारात ठरले. त्या एका वर्षात गोव्यात तीन मुख्यमंत्री झाले आणि वर्षअखेरीस राष्ट्रपती राजवट आली. गोव्याच्या राजकारणात इतकी फाटाफूट क्वचितच झाली असेल. तरीही तिलारीचा करार मोडला नाही. काम रखडले, विस्थापितांचे गाऱ्हाणे उरले, कालवे फुटले. हे दोष गंभीर आहेत. पण कोणाला किती पाणी आणि कोणाचा किती पैसा, हे कागदावर उघड होते. म्हणून सरकारे बदलली तरी कोणाला करार समुद्रात बुडविण्याची घोषणा करावी लागली नाही.

सत्तापक्षात मतभेद असू नयेत, असा याचा अर्थ नव्हे. किंबहुना ऊर्जेसारख्या विषयात ते असणे स्वाभाविकच आहे; एका बाजूला उद्योगांची भूक असते, दुसऱ्या बाजूला किनाऱ्याची व अरण्याची काळजी, तिसऱ्या बाजूला तिजोरी. काँग्रेसमधील अर्थखात्याची सावधगिरी, भाजपमधील स्वदेशीचा आग्रह, शिवसेनेच्या मंत्र्याची सुधारणांची निष्ठा, यांपैकी कोणतीही गोष्ट निंदनीय नव्हती. निंदनीय होते ते हे, की हे मतभेद करारावर सही होण्यापूर्वी, उघड्यावर आणि आकड्यांनिशी मांडले गेले नाहीत. निवडणुकीत ते घोषणा बनले, सत्तेत आल्यावर सौदा बनले, आणि शेवटी बिल बनून ग्राहकाच्या दारी आले.

गोव्याला हा धडा आजही लागू आहे. २०२० नंतर मोलेंच्या अरण्यातून जाणाऱ्या उच्चदाब वीजवाहिनीवरून गोव्यात मोठा वाद झाला, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये नव्या मार्गाऐवजी जुन्या वाहिनीचाच पट्टा वापरण्याचा निर्देश दिला. तेथेही प्रश्न वीज हवी की नको, एवढा सोपा नव्हता. ती कोणत्या मार्गाने, कोणाच्या किमतीवर आणि कोणी विचारल्यानंतर यावी, हा होता. स्वतःची वीज नसलेल्या छोट्या राज्याला बाहेरच्या करारावर अवलंबून राहावेच लागते. म्हणूनच करार कोणत्या पक्षाने केला, हे विचारण्याआधी त्यात काय लिहिले आहे, डॉलर चढला तर कोण देणार, वीज उचलली नाही तर कोण देणार, आणि हे सारे जाहीर आहे की नाही, हे त्याने विचारले पाहिजे.

दाभोळचे धुराडे आज रत्नागिरीच्या किनाऱ्यावर उभे आहे. त्याच्या उभारणीत तीन पक्षांची सरकारे, दोन्ही बाजूंच्या घोषणा आणि दोन खंडांतील न्यायालये व लवाद खपले. पेडण्याच्या किंवा डिचोलीच्या ग्राहकाने यांपैकी कशावरही सही केली नव्हती. तरी विजेचा दिवा लावताना त्याचा एक लहानसा वाटा तोही फेडत आला. राष्ट्राचे धोरण आपल्या घरापासून दूर कोठेतरी ठरते, असे ज्याला वाटते, त्याने आपले वीजबिल एकदा मागील बाजूने वाचून पाहावे.